मेजरचं नाक

ज्या वर्षी तात्यासाहेबांच्या मुलीच्या, मंजुषाच्या लग्नात पंगतीला हात धुवायला पाण्याऐवजी कागदी रुमाल वाटले, आणि व्याह्यांनी पडलेले रुमाल उचलून पुन्हा हात पुसले, ते वर्ष दोन हजार तेराचं. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. शहर मात्र जालना रोडने करमाडच्या दिशेने पाय पसरत चाललं होतं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येई, आणि नव्या इमारतीचा मजला दर पंधरा दिवसांनी चढे.

लग्न आटोपून आठ दिवसही झाले नव्हते, तोच तात्यासाहेबांचा मुलगा शिवम पुण्याहून मोटार घेऊन आला आणि मुकुंदवाडीच्या घरासमोर त्याने एक कुत्रं उतरवलं. उतरवलं म्हणजे दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. ते बराच वेळ उतरतच होतं. आधी डोकं आलं, मग कान आले, मग अंग आलं, ते येतच राहिलं, आणि शेवटी पाय आले. पाय मात्र कोणीतरी निम्मे कापून घेतल्यासारखे.

"हे काय हाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"बॅसेट हाउंड, तात्या. मेजर नाव आहे. कंपनी मला आणि तुमच्या सुनेला सहा महिने जर्मनीला पाठवतेय. तोवर तुमच्याकडे राहील."

"कुत्रं म्हणतोस व्हय याला? मला वाटलं, लग्नातली सतरंजी गुंडाळून आणलीस."

मेजरने तात्यासाहेबांकडे पाहिलं. त्याचे डोळे असे होते की जणू घरात काही वाईट घडलंय आणि ते त्याला आधीच कळलंय. मग तो अंगणात शिरला आणि त्याने पाण्याच्या बादलीत तोंड घातलं. तोंडाबरोबर दोन्ही कानही गेले. कान बाहेर आले ते अर्धी बादली घेऊनच, आणि त्याने डोकं हलवलं तेव्हा ती अर्धी बादली भिंतीवर, तुळशीवर आणि तात्यासाहेबांच्या पांढऱ्या धोतरावर सारखी वाटली गेली.

"चार दिवसांचं पाणी!" साळूबाई किंचाळल्या.

शिवमने खिशातून कागद काढून आईच्या हातात दिला. दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत लिहिलेला. साळूबाई पंचेचाळिसाव्या वर्षी साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या होत्या, आणि तेव्हापासून लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. पुडीचा कागदसुद्धा त्या वाचून मगच टाकत. त्यांनी ओट्यावर बसून बोट ठेवून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. कान आठवड्यातून दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडे करावेत, नाहीतर आत घाण धरते आणि वास मारतो. जिना चढू देऊ नये, पाठ लांब असल्याने मणका दुखावतो. खायला कितीही मागितलं तरी मोजूनच द्यावं. एकटं ठेवू नये, रडतो. मोकळं सोडू नये, कारण एकदा वासाच्या मागे लागला की हाक ऐकत नाही. आणि शेवटी खाली रेघ ओढून लिहिलेलं: याचं नाक फार तीक्ष्ण असतं. जमिनीखाली पुरलेली, कित्येक दिवसांची जुनी गोष्टसुद्धा याला कळते.

"म्हंजे हे कामाचं काय करतं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"वास घेतो," शिवम म्हणाला.

"ते तर आपली म्हैस बी घ्यायची. वर दूध द्यायची."

शिवम गेला. पहिल्याच सकाळी गल्लीत टँकर आला आणि मेजरने मान वर करून सूर लावला. तो भुंकला नाही. तो आवाज खोल विहिरीतून यावा तसा होता, लांबलचक, आणि त्यात असं काही दुःख होतं की शेजारच्या गोजरबाई हातातली कळशी सोडून धावत आल्या.

"साळूबाई, कोण गेलं वो?"

"कोणी नाय गेलं. हे आलंय."

त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मेजरला फिरवायचं काम तात्यासाहेबांकडे आलं. खरं तर मेजरच त्यांना फिरवी. नाक जमिनीला, कान धुळीत लोळत, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तात्यासाहेब. तो कुठूनही निघाला तरी शेवटी गोजरबाईंच्या दारात जाऊन बसे आणि सूर लावी.

"हे सारखं गोजरबाईकडंच का जायलंय?" तात्यासाहेबांनी एकदा घरी विचारलं.

"तिच्याकडं मांजर हाय," साळूबाई पटकन म्हणाल्या.

गोजरबाईंकडे मांजर तात्यासाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरातलं मांजर मोजत बसायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी विषय सोडला.

या घरात मटणाचा विषय चार वर्षांपूर्वी बंद झाला होता. तात्यासाहेबांच्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी हृदयात एक रिंग टाकली आणि बजावलं, बकरं आणि तेल दोन्ही बंद. तात्यासाहेब दवाखान्यातल्या खाटेवर रडकुंडीला आले होते. तेव्हा साळूबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुमी खाणार नाय तर म्या बी नाय खाणार. तुमच्यासमोर म्या हाडं चोखत बसले तर बरं दिसंल का?" साळूबाई मूळच्या खाणाऱ्या घरातल्या. त्यांच्या माहेरी पाव्हणा आला की आधी कोंबडा पळे आणि मग पाव्हण्याला पाणी मिळे. त्यामुळे त्यांनी सोडलं ही मोठीच गोष्ट होती, आणि नातेवाइकांत ती कौतुकाने सांगितली जाई.

तेव्हापासून बुधवारी तात्यासाहेब करमाडला बागेवर चक्कर मारायला जात, आणि साळूबाई गोजरबाईंकडे भजनाला.

मेजर आल्यावर पहिल्याच बुधवारी पेच पडला.

"याला घेऊन जा," साळूबाई म्हणाल्या.

"उन्हात? कागदात काय लिवलंय ते विसरलीस का?"

"कागदात एकटं ठेवू नये असं बी लिवलंय. म्या भजनाला चालले. भजनात कुत्रं कसं चालंल?"

"बागेत कसं चालंल?"

"बागेत समदंच चालतं," साळूबाई म्हणाल्या, आणि तात्यासाहेबांनी दोरी उचलली, कारण ते खरंच होतं.

मेजर काळीपिवळी जीपमधून करमाडला गेला. ड्रायव्हरने त्याचं पूर्ण भाडं घेतलं. "दोन माणसांची जागा खाल्ली याने, एकाचंच घेतोय," असंही वर सुनावलं.

करमाडच्या शिवारात तात्यासाहेबांची जमीन पूर्वी बरीच होती. निम्मी औद्योगिक वसाहतीत गेली आणि तिथे आता कुंपणाच्या आत चार खांब उभे होते. उरलेल्या तुकड्यात साळूबाईंची मोसंबीची बाग होती. मंजुषा चौथीत असताना त्यांनी ऐंशी रोपं लावली आणि पहिली दोन वर्षं डोक्यावरून घागरी आणून जगवली. आता त्या झाडांची पानं वळून सुतळीसारखी झाली होती. साळूबाईंनी दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून एकेका खोडाशी टांगल्या होत्या, थेंब थेंब पाणी मुळाला मिळावं म्हणून. लांबून पाहिलं की सबंध बाग आजारी पडून खाटेवर निजल्यासारखी दिसे. दोन बोअर घेऊन झाले होते. दोन्ही जागा सखाराम पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून दाखवल्या होत्या, आणि दोन्ही जागी तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. पंधरा दिवसांत पाणी लागलं तर झाडं वाचणार होती, नाहीतर सरपण होणार होतं.

बाग सांभाळायला सांडू होता. वय पंचावन्न, आळसात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, पण रस्सा असा करी की तात्यासाहेबांनी त्याला कधी काढलं नाही. दर बुधवारी चुलीवर पातेलं चढे. जेवण झालं की सांडू हाडं आणि राख बांधाच्या कोपऱ्यात पुरून टाकी. चार वर्षांत कोणाला कळलं नव्हतं.

मेजरला सहा मिनिटांत कळलं. तो सरळ त्या कोपऱ्यात गेला आणि पुढच्या पायांनी माती उडवू लागला.

"तात्या, तुमचं कुत्रं पोलिसातलं हाय का?" सांडू घाबरून म्हणाला.

दोघांनी मिळून त्याला ओढून बाभळीला बांधलं. कागदात मोजूनच द्यायला सांगितलं होतं म्हणून त्याला रस्सा दिला नाही. तो सबंध जेवणभर दोघांच्या तोंडाकडे पाहत लाळ गाळत होता आणि मधूनमधून असा सूर लावत होता की तात्यासाहेबांना घास गिळवेना.

पुढच्या बुधवारी साळूबाई म्हणाल्या, "आज गोजरबाई गावाला गेलीय. भजन नाय. म्या बी येते बागेत."

तात्यासाहेबांनी ऊन सांगून पाहिलं, गुडघे सांगून पाहिले. साळूबाईंनी नव्या बाटल्यांची पिशवी उचलली आणि त्या काळीपिवळीत आधी जाऊन बसल्या. सांडूला निरोप द्यायला सवड नव्हती. पण दैवाने त्या दिवशी तो उशिरा उठला होता आणि चूल अजून पेटली नव्हती. तात्यासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात मेजरने मान मागे घेतली. त्याचे कान पट्ट्यातून सुळकन निसटले आणि तो मोकळा झाला.

"मेजर! ये इकडं! मेजर!"

मेजरने कागदात लिहिल्याप्रमाणे हाक ऐकली नाही. नाक जमिनीला टेकवून, ऐंशी झाडांमधून नागमोडी वळत तो बांधाच्या कोपऱ्याकडे निघाला. तिथे पोचल्यावर दोन वेळा गोल फिरला, माती उकरली, मागच्या पायांवर बसला आणि आभाळाकडे तोंड करून सूर लावला.

साळूबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "काय हाय तिथं?"

तात्यासाहेबांच्या तोंडाला कोरड पडली. सांडूच्या तोंडाला पडली नाही, हेच वाईट झालं.

"पाणी असंल, काकू!" सांडू म्हणाला. "मुक्या जनावराला पाणी कळतं म्हणत्यात."

"पाणी?" साळूबाई तिथेच ढेकळावर बसल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, कागदात लिवलंय. जमिनीखालचं त्याला कळतं. शिवमनं रेघ ओढून लिवलंय."

चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं. तात्यासाहेबांनी ते हसू पाहिलं आणि मान हलवली. "असंल," ते म्हणाले. एवढाच एक शब्द, पण त्याने पुढचं सगळं झालं.

संध्याकाळपर्यंत करमाडमध्ये बातमी पोचली की तात्यासाहेबांकडे जर्मनीहून पाणाड्या कुत्रं आलंय. दुसऱ्या दिवशी माणसं बघायला आली. एकाने विचारलं, "इंग्रजी समजतं का मराठी?" दुसऱ्याने कान उचलून पाहिले आणि म्हणाला, "ह्येच्यातच यंत्र हाय." कोणीतरी कुंकू लावलं. मेजरने ते चाटून खाल्लं.

तात्यासाहेबांनी धीर करून शिवमला फोन लावला. "काय रे, पाण्याला वास असतो का?"

"स्वच्छ पाण्याला नसतो, तात्या."

"आपल्या रांजणाला तर चौथ्या दिवशी येतो."

"तो वेगळा. का? मेजर बरा आहे ना?"

"तो बरा हाय," तात्यासाहेब म्हणाले. "बाकीच्यांचं बघतो."

तिसऱ्या दिवशी सखाराम पाणाड्या आला. पांढरं शुभ्र धोतर, कपाळावर बुक्का, हातात शेंडी असलेला नारळ. तीस वर्षं त्याने या शिवारात जागा दाखवल्या होत्या. पाणी लागलं तर त्याचा नारळ खरा, आणि नाही लागलं तर मालकाचं नशीब खोटं, असा त्याचा हिशेब होता. आता एका आखूड पायाच्या प्राण्याने त्याची गादी घेतली होती.

"तात्यासाहेब, म्या ऐकलं ते खरं का?"

"लोक बोलायलेत," तात्यासाहेब पुटपुटले.

सखारामने मेजरभोवती एक फेरी मारली. "याचा रक्तगट काय?"

"आं?"

"माझा ओ हाय. पाणाड्याचा ओच लागतो. दुसऱ्या रक्ताला पाणी ओढत नाय. याची चिठ्ठी हाय का लॅबची?"

"सखाराम, कुत्र्याचा रक्तगट कोण काढतं?"

"मंग बिनचिठ्ठीचा पाणाड्या तुमी शेतात घालता?" सखाराम साळूबाईंकडे वळला. "वैनी, म्या पुन्हा नारळ धरतो. जिथं उभा राहील तिथं गाडी लावा."

त्याने नारळ धरला. नारळ बागेच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यापासून पन्नास पावलांवर उभा राहिला.

साळूबाईंनी हात जोडले. "सखारामभाऊ, दोनदा तुमचं ऐकलं. आता एकदा मुक्या जनावराचं ऐकते. बोअरची गाडी बुधवारी मिळतेय, आन एकच दिवस. पुन्हा आषाढापर्यंत नंबर नाय."

तात्यासाहेबांना त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. गाडी एकच दिवस येणार, आणि ती आपल्या उष्ट्या हाडांवर उभी राहणार. खरं सांगावं तर चार वर्षांची अब्रू जाते. न सांगावं तर झाडं जातात. त्यांनी सांडूला गाठलं.

"तुझ्या तोंडातून पाणी कामून निघालं रे?"

"मंग काय मटण म्हणू?"

"आता यातून काढ."

सांडूने बराच विचार केला. त्याला विचार करायचा म्हणजे आडवं व्हावं लागे. उठला तेव्हा त्याच्याकडे युक्ती होती. "हाडं उकरून सखारामच्या जागी पुरू. कुत्रं तिकडं जाईल. गाडी बी तिकडं जाईल. तिथं पाणी लागो न लागो, बदनाम सखाराम. आपण मोकळे."

भर दुपारी, शिवारात चिटपाखरू नसताना, दोघांनी पोतंभर हाडं उकरून पन्नास पावलांवर नेऊन पुरली. नवी जागा खणताना कुदळ मुरमावर ठणाठण वाजत होती. तात्यासाहेब घामाघूम झाले. रिंग टाकलेल्या माणसाने मटण खाल्ल्याचं प्रायश्चित्त इतक्या तातडीने भोगलेलं कोणी पाहिलं नसेल.

दोन जागांतली खरी कोणती ते ठरवायला मंगळवारी गावासमोर मेजरची परीक्षा झाली. साळूबाईंनी आदल्या दिवशी त्याचे कान पुसून कोरडे केले होते, वास नीट यावा म्हणून. मेजर निघाला. आधी जुन्या कोपऱ्यात गेला, कारण चार वर्षांची राख आणि रस्सा मुरलेली माती पोत्यात भरून नेता येत नाही. तिथे त्याने मनसोक्त सूर लावला. मग नाक खाली घालून, पोतं ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने पन्नास पावलं चालत तो सखारामच्या जागी गेला आणि तिथेही सूर लावला. मग परत कोपऱ्यात आला आणि आडवा झाला.

 गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "झरा दाखवला! इथून तिथं शीर जाती पाण्याची!"

सखारामने छाती पुढे काढली. "म्या काय म्हणत होतो! शीर माझ्या जागेवरूनच जाती."

"पण निजला कोपऱ्यात," साळूबाई ठामपणे म्हणाल्या. "पाणी तिथं जास्ती हाय. गाडी तिथंच."

सांडूने हळूच तात्यासाहेबांकडे पाहिलं. तात्यासाहेबांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

बुधवारी सकाळी बोअरची गाडी आली. गाडीवाला तमिळनाडूकडचा, सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याने कोपऱ्यात गाडी लावली, लोखंडी टेकू जमिनीत रोवले आणि विडी पेटवली. निम्मं गाव जमलं होतं. साळूबाईंबरोबर गोजरबाईही आल्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी लावून. "बुधवारचं भजन बुडलं, म्हणून म्या पण आले," त्यांनी कोणी विचारलेलं नसताना सांगितलं, आणि पिशवी साळूबाईंच्या हातात दिली.

साळूबाई ती पिशवी काखेत धरून झाडांमधून चालत होत्या. एकेका झाडाच्या खोडाला हात लावत होत्या. "आता येतंय हं पाणी. दम धर थोडा." ऐंशी झाडांना त्यांनी हेच सांगितलं. लेकराला ताप असला की आई बोलते तसं.

तात्यासाहेबांना ते सोसेना. विसाव्या झाडापाशीच त्यांचा धीर खचला होता, ऐंशीव्यापाशी संपला.

"साळू."

"काय वो?"

"तिथं पाणी नाय."

"तुमाला काय ठावं?"

"तिथं हाडं हायत. म्हंजे होती. बकऱ्याची. चार वर्षं दर बुधवारी म्या अन् सांडू... कुत्र्यानं पाणी नाय हुंगलं, माझं पाप हुंगलं. गाडी हलवू, दुसरीकडं कुठं बी लावू, पण तुझी झाडं माझ्यापायी नको मराया."

 तात्यासाहेब धावत गाडीकडे गेले. "अण्णा, गाडी हटाव! जागा गलत है!"

अण्णाने विडी झटकली. "एक बार जॅक लग गया तो लग गया, साब. हटाने में दो घंटा. तीन बजे दूसरा पार्टी है. बोअर लेने का है तो बोलो, नहीं तो मैं चला."

"चालू कर," मागून साळूबाईंचा आवाज आला. त्या आवाजाने अण्णाने खरोखरच विडी टाकली.

यंत्र धडधडू लागलं. पांढरा फुफाटा आभाळात गेला. त्या धुळीत साळूबाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या, तेव्हा यंत्राचा आवाज कमी पडला.

"चार वर्षं! चार वर्षं म्या वरणभात खाल्ला! माहेरी गेले तर भावाला म्हणाले, मला नको, त्यांना चालत नाय. मंजुषाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी समद्यांनी खाल्लं, म्या दहीभात खाल्ला! कुणासाठी? अन् तुमी इथं..."

"काकू, जाऊ द्या, झालं ते..." सांडू मधे पडला.

"तू गप! तुझ्या हातचा रस्सा..." साळूबाई श्वास घ्यायला थांबल्या.

तेवढ्यात मेजर आला. धुळीतून, लोळत्या कानांनी, घाई न करता. तो तात्यासाहेबांना ओलांडून गेला, सांडूला ओलांडून गेला, आणि साळूबाईंच्या पायांशी थांबला. काखेतल्या कापडी पिशवीला त्याने खालून नाक लावलं. लांब श्वास घेतला. मग मागच्या पायांवर बसला, मान वर केली आणि आयुष्यातला सगळ्यात लांब सूर लावला.

निम्मं गाव पिशवीकडे पाहू लागलं.

"त्यात परसाद हाय!" गोजरबाई घाईने म्हणाल्या.

"परसादाला एवढं रडतंय?" सखाराम म्हणाला. "बघू तरी कोणत्या देवाचा."

पिशवी साळूबाईंच्या काखेतून सुटली. डबा पडला, झाकण उडालं. सुकं मटण, वर कोथिंबीर, चार बाजरीच्या भाकरी. मेजरने या वेळी कोणाच्या मोजून देण्याची वाट पाहिली नाही.

 तात्यासाहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग गोजरबाईंकडे, मग बायकोकडे. त्यांच्या डोक्यात गोजरबाईंचं ते कधी न दिसलेलं मांजर आलं.

"भजन," ते म्हणाले.

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. "चार वर्षं नाय काय. तीनच. पयलं वर्ष म्या खरंच पाळलं होतं."

"म्या दोन महिने पाळलं होतं," तात्यासाहेब म्हणाले.

"मंग माझंच जास्ती झालं."

"व्हय. तुझंच जास्ती."

हे असंच अजून किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण दोनशे दहा फुटांवर यंत्राचा आवाज बदलला. फुफाटा आधी काळवंडला, मग चिखल झाला, आणि मग एकाएकी पाण्याचा लोट बाभळीच्या उंचीएवढा वर उडाला आणि साळूबाई, तात्यासाहेब, गोजरबाई, डबा आणि मेजर यांच्यावर एकदमच कोसळला. मेजरने खाणं थांबवलं नाही.

गाव नाचू लागलं. मेजरच्या गळ्यात हार पडले. सखारामने सांगून टाकलं की त्याच्या नारळाची शेंडी पहिल्यापासून याच दिशेला होती. साळूबाई चिखलात बसून ओंजळी भरभरून ते पाणी तोंडावर मारत होत्या, आणि रडत होत्या का हसत होत्या ते ओल्या तोंडावरून कळत नव्हतं. मग त्या एकदम थांबल्या.

"सांडू, तू हाडं याच कोपऱ्यात कामून पुरत होतास रे?"

"इथंच माती मऊ हाय, काकू," सांडू म्हणाला. "बाकी समदा मुरूम. कुदळ चालत नाय. इथं उन्हाळ्यात बी कशी गार अन् भुसभुशीत."

साळूबाईंनी कपाळावर हात मारला. चार वर्षं दर आठवड्याला सांडू पाण्यावर उभा राहून खड्डा खणत होता, आणि आळसापायी त्याने या शिवारातली एकमेव खरी जागा शोधून ठेवली होती.

पण हे गावाला पटलं नाही. गावाला मेजरच पटला. पुढच्या महिन्यात पाच जणांनी त्याला आपापल्या शेतात बोलावलं. पहिल्या शेतात त्याने मेलेलं वासरू काढलं, दुसऱ्यात हातभट्टीचे दोन कॅन, तिसऱ्यात सासूने सुनेपासून लपवून पुरलेला तुपाचा डबा. चौथ्याने त्याला बांधावरूनच परत पाठवलं, आणि पाचवा म्हणाला, आमच्याकडं पाणी नकोच. त्यानंतर त्याला कोणी बोलावलं नाही.

तात्यासाहेब आणि साळूबाई एकत्र डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं.  डॉक्टर म्हणाले, महिन्यातून एकदा, तेल कमी, आणि दोघांनी एका ताटात. तेव्हापासून महिन्याचा पहिला बुधवार ठरला. चूल बागेतच, रस्सा सांडूचा, हाडं मेजरला मोजून दोन. शिवम जर्मनीहून परत आला आणि कुत्रं मागू लागला, तेव्हा साळूबाईंनी त्याचाच कागद त्याच्या हातात दिला. मागच्या बाजूला खाली उरलेल्या जागेत त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती: याला इथून हलवू नये, याच्या नाकावर बाग जगली आहे.

ऐंशीपैकी एकाहत्तर झाडं जगली. बांधाच्या पलीकडे आता कारखान्याची भिंत आलीय, पण मोसंबी लागते.

सखाराम पाणाड्या दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात गेला. मेजर दोन हजार वीसच्या दिवाळीनंतर गेला. त्याला बोअरच्या शेजारी पुरलं, खड्डा सांडूने खणला, माती अजून मऊ होती. तात्यासाहेब दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत गेले, बागेतल्या खाटेवर, दुपारच्या झोपेत. वार बुधवार, महिन्यातला पहिला. जेवण झालं होतं.